‘एंट्रॉपीने सिद्ध झाले’ म्हणजे नेमके कोणत्या एंट्रॉपीने?

पांझराकाठ (धुळे)

‘केळीबाग’ या नावाने लिहिणाऱ्या रावेरच्या गृहस्थांनी परवा ‘तालुक्याच्या पावसाचे अकरा वर्षांचे चक्र सापडले’ या मथळ्याखाली जे लिहिले, ते मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा माझा चहा गार झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. 1979 ते 2021 या 43 वर्षांच्या वार्षिक पावसाच्या आकड्यांवर त्यांनी महत्तम एंट्रॉपी पद्धत (मालिकेत कोणते आवर्तन किती बळाचे आहे हे दाखवणारा आलेख, म्हणजे वर्णपट, काढण्याची एक रीत; एंट्रॉपी म्हणजे अनिश्चिततेचे माप) चालवली आणि 11.2 वर्षांवर सुईसारखे टोकदार शिखर आले. पिरियडोग्राममध्ये, म्हणजे वर्णपट काढण्याच्या जुन्या, सरळ रीतीत, त्याच जागी नुसता फुगवटा दिसत होता, म्हणून पिरियडोग्राम कालबाह्य. एंट्रॉपी पद्धत ‘स्वतःहून काहीच गृहीत धरत नाही’, म्हणून ती निःपक्षपाती. आणि एंट्रॉपीच्या सगळ्या पद्धती शेवटी एकच, म्हणून कोणती वापरली याने फरक पडत नाही. लेखाच्या शेवटी या शिखराच्या भरवशावर केळी कोणत्या वर्षी लावावी, याचा सल्लाही आहे.

चक्र आहे की नाही, यावर माझा राग नाही. राग आहे तो ‘काहीच गृहीत धरत नाही’ या शब्दांवर.

जॉन बर्ग यांनी 1967 साली ओक्लाहोमा सिटीत भूभौतिकतज्ज्ञांच्या सभेत विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. ब्लॅकमन आणि टुकी यांच्या 1958 च्या रीतीत स्वसहसंबंधाचे (म्हणजे मालिका काही पावले सरकवली की स्वतःशीच किती जुळते त्याचे) हाती आलेले आकडे विंडो, म्हणजे उतरत जाणारे वजन, लावून निमुळते करायचे आणि त्यांच्यापुढचे सगळे शून्य मानायचे असते. बर्ग यांचे म्हणणे असे की, जे मोजलेच नाही ते शून्य आहे असे तुम्हांला कोणी सांगितले? जे माहीत आहे त्याला हात लावू नका, आणि जे माहीत नाही ते अशा रीतीने वाढवा की प्रक्रियेची एंट्रॉपी जास्तीत जास्त राहील. गाउसीय स्थिर प्रक्रियेसाठी ही एंट्रॉपी म्हणजे वर्णपटाच्या लॉगरिदमचे सर्व वारंवारतांवरचे संकलन होय, आणि ते महत्तम केले की उत्तर आपोआप ऑटोरिग्रेसिव्ह प्रतिमानाच्या (प्रत्येक आकडा आधीच्या काही आकड्यांवरून सांगणाऱ्या सूत्राच्या) रूपात येते. ही समानता व्हॅन डेन बॉस यांनी 1971 साली स्पष्टपणे मांडली. म्हणजे युल यांनी 1927 साली सूर्यावरील डागांसाठी आणि गिल्बर्ट वॉकर यांनी 1931 साली वापरलेली समीकरणेच नवे अंगरखे घालून परत आली.

यात गृहीत आहे, आणि ते मोठे आहे : हातातले स्वसहसंबंध अचूक आहेत, हेच ते गृहीत. 43 आकड्यांच्या मालिकेत वीस वर्षांच्या अंतराचा स्वसहसंबंध फक्त 23 गुणाकारांवर उभा असतो. त्याला अचूक मानून पुढचा इमला रचायचा आणि वरून ‘आम्ही निःपक्षपाती’ म्हणायचे, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. कोल्मोगोरोव यांच्या सूत्राप्रमाणे वर्णपटाच्या लॉगरिदमची सरासरी ही पुढच्या एका पावलाच्या भाकितातल्या चुकीशी थेट बांधलेली असते. ती सरासरी महत्तम करणे म्हणजे ती चूक महत्तम करणे. अर्थात हाती असलेल्या माहितीशी जुळणाऱ्या सर्व प्रक्रियांपैकी जिचे भाकीत करणे सर्वांत अवघड, तीच प्रक्रिया बर्ग यांची पद्धत निवडते. आणि आमचे मित्र नेमक्या त्याच पद्धतीवरून पुढच्या दुष्काळाचे भाकीत करतात! आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागरीखाली चार ढेकळे ठेवून कोणत्या महिन्याचे ढेकूळ किती भिजले हे पाहणारे माझे आजोबा निदान एंट्रॉपीचे नाव घेत नव्हते.

शेवटी एक साधा प्रश्न. प्रतिमानाची कोटी, म्हणजे मागचे किती आकडे धरायचे ती संख्या, किती घेतली? लेखात ती कुठेही लिहिलेली नाही.

केळीबाग (रावेर)

सर, आपला चहा गार झाला याबद्दल मी दिलगीर आहे. तथापि आपल्या उत्तरातला निम्मा भाग मी न केलेल्या गोष्टींवर आहे. मी स्वसहसंबंध आधी काढून मग ते वाढवले नाहीत. मी बर्ग यांचा अल्गोरिदम थेट आकड्यांवर चालवला, आणि त्यात पुढून मागे व मागून पुढे अशा दोन्ही दिशांच्या भाकितांतली चूक एकत्रितपणे लघुतम केली जाते. त्यामुळे ‘23 गुणाकारां’चा आक्षेप मला लागू होत नाही.

लहान मालिकेत पिरियडोग्रामची काय अवस्था होते, हे आपल्यासारख्या आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. 43 वर्षांच्या खिडकीतून पाहिले तर नऊ वर्षे आणि चौदा वर्षे ही एकाच धुक्यात दिसतात. आपल्याला दोनशे वर्षांची नोंद हवी आहे, पण बाग मला यंदा लावायची आहे. हतनूर धरणाच्या पाण्याचे आवर्तन कधी सुटेल या विवंचनेत असलेल्या माणसाला ‘अजून दीडशे वर्षे थांबा’ हे उत्तर देता येत नाही.

आणि एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकतो. गेल्या पंधरा वर्षांत या विषयावर मी तीन प्राध्यापकांना आकडे घेऊन भेटलो. एकाने ‘ठेवून जा’ म्हटले, दुसऱ्याने माझी पदवी विचारली, तिसऱ्याने चहा पाजला. शेतकऱ्याने स्वतः काही करून पाहिले की मात्र सगळ्यांना कोटी आठवते.

अमळनेरकर

दोघांचेही थोडे बरोबर आहे आणि दोघेही एकाच जागी घसरत आहेत. बर्ग यांच्या नावावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तत्त्व 1967 चे : ज्ञात स्वसहसंबंध कायम ठेवून एंट्रॉपी महत्तम करा. दुसरा अल्गोरिदम, जो त्यांनी पुढच्या वर्षी नेदरलँड्समधील एन्शेडे येथे मांडला : प्रतिमान ठरवणारे परावर्तन गुणांक थेट आकड्यांवरून काढा. या दुसऱ्या गोष्टीत कुठेही एंट्रॉपी महत्तम केली जात नाही. तिथे लेव्हिन्सन यांच्या पुनरावर्ती सूत्राच्या (कोटी एकेकाने वाढवत प्रतिमान काढण्याच्या) चौकटीत राहून फक्त भाकिताची चूक कमी केली जाते. तेव्हा केळीबागदादा, आपण सरांच्या आक्षेपातून सुटलात हे खरे, पण त्याच दारातून ‘एंट्रॉपीने सिद्ध झाले’ हा आपला मथळाही बाहेर पडला.

मी या पद्धतीच्या विरोधात नाही. माझे पोट तिच्यावर चालते. पुण्यात मी ध्वनिसंकेतांवर काम करते. आठ हजार नमुने प्रतिसेकंद या दराने वीस-तीस मिलिसेकंदांचा तुकडा घेतला की हातात 160 ते 240 आकडे येतात, आणि दहाव्या कोटीचे प्रतिमान स्वराची शिखरे सुरेख दाखवते. ते का दाखवते? घसा आणि तोंड ही खरोखरच अनुनादाची नळी आहे म्हणून. तिथे प्रतिमान आणि वस्तू यांचे नाते आहे. अनुनासिकांपाशी मात्र हे नाते तुटते. नाकाचा मार्ग उघडला की वर्णपटात खड्डे पडतात, आणि फक्त शिखरेच जाणणारे प्रतिमान त्या खड्ड्यांपाशी अडखळते. आपल्याकडे ‘पाणी’चे ‘पानी’ होते, पण ण असो वा न, बर्ग यांना दोन्ही सारखेच जड जातात.

तालुक्याच्या पावसात अशी कोणती नळी आहे, हे कोणी दाखवले तर मी मथळा मान्य करीन.

दुसरा मुद्दा ‘सगळ्या एंट्रॉपी पद्धती एकच’ या विधानाचा. शोअर यांनी 1981 साली न्यूनतम परस्पर-एंट्रॉपीची रीत वर्णपटासाठी मांडली. तीत आधीचा अंदाज म्हणून एक वर्णपट द्यावा लागतो, आणि नव्या माहितीशी जुळताना त्या अंदाजापासून कमीत कमी सरकलेले उत्तर मिळते. तो अंदाज सपाट दिला की बर्ग यांचेच उत्तर हाती येते. म्हणजे बर्ग यांच्या पद्धतीत पूर्वग्रह नाही असे नव्हे. ‘सर्व वारंवारता सारख्या’ हा पूर्वग्रह तिच्यात शांतपणे बसलेला आहे.

केळीबाग (रावेर)

ताई, पूर्वग्रह हातात धरून द्यायचाच असेल तर मग मोजायचे तरी कशाला? उद्या प्रत्येक जण आपापल्या आवडीचा वर्णपट देईल आणि आपापल्या आवडीचे उत्तर घेईल.

तोरणमाळ (शहादा)

तसे होतेच, आणि ‘एकच पद्धत’ या भ्रमाने ते लपते. या वादात अद्याप ज्या दुसऱ्या एंट्रॉपीचे नावही कोणी घेतलेले नाही, तिच्याकडे मी लक्ष वेधतो.

बर्ग यांची एंट्रॉपी वर्णपटाच्या लॉगरिदमची आहे. पण 1972 पासून फ्रीडन यांच्या आणि 1978 पासून गल व डॅनियल यांच्या मार्गाने प्रतिमांची पुनर्रचना करणाऱ्यांनी वापरलेली एंट्रॉपी वेगळी आहे. तिच्यात वर्णपट गुणिले त्याचा लॉगरिदम आणि पुढे उणे चिन्ह असते, म्हणजे तिचे रूप शॅनन यांच्या सूत्राचे आहे. तेच स्वसहसंबंध, तीच बंधने घेतली तरी पहिलीतून बहुपदीचा व्यस्त मिळतो आणि दुसरीतून बहुपदीचा घातांक. पहिलीला लेव्हिन्सन यांचा सरळ रस्ता आहे. दुसरीत दर वेळी पुनःपुन्हा सोडवत बसावे लागते. पहिलीची शिखरे सुईसारखी येतात, दुसरीची टेकडीसारखी.

याचे कारण समजायला फार गणित लागत नाही. वर्णपट शून्याजवळ गेला की लॉगरिदम उणे अनंताकडे धावतो, म्हणून बर्ग यांची एंट्रॉपी तळाला जिवापाड जपते. उलट शिखर आणखी उंच केले तर तिला फारसे दुखत नाही. शॅनन रूपात उंचीचे मोल चढत्या दराने मोजावे लागते. तेव्हा केळीबाग यांच्या आलेखातल्या सुईचा टोकदारपणा काही अंशी पावसाचा असेल, पण बराचसा लॉगरिदमचा आहे.

या दोन पंथांमध्ये 1970 आणि 1980 च्या दशकांत रीतसर भांडण झाले. कोणती एंट्रॉपी ‘खरी’, यावर विद्वान लोक एकमेकांना मूलतत्त्वे ऐकवत होते. तेव्हा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील राजाराम नित्यानंद आणि रमेश नारायण यांनी 1982 साली जे दाखवले, ते मला आजही सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी माहितीशास्त्राचा आधारच बाजूला ठेवला. ज्या फलाचा दुसरा अवकलज ऋण आणि तिसरा धन असेल असे कोणतेही फल महत्तम केले, तरी टोकदार शिखरे आणि सपाट तळ मिळतात. लॉगरिदम चालतो, शॅनन रूप चालते, साधे वर्गमूळसुद्धा चालते. वर्गमूळाला कोणी ‘निःपक्षपाती’ म्हणत नाही, कारण त्याला तसे भारदस्त नाव नाही.

म्हणून माझे मत असे की, वर्णपट धन राहावा आणि मोजलेल्याशी जुळावा एवढीच मागणी असेल तर शॅनन रूप घ्यावे. ते कमी फसवते.

पांझराकाठ (धुळे)

नित्यानंद-नारायण यांच्याबद्दल संपूर्ण सहमती, निष्कर्षाबद्दल नाही. आकाशाच्या प्रतिमेत प्रत्येक खणात किती प्रकाश पडला याची मोजणी करता येते, म्हणून तिथे शॅनन रूपाला संभाव्यतेचा काही अर्थ लावता येतो. कालमालिकेच्या शक्ती वर्णपटाला एकूण शक्तीने भागून त्याला ‘संभाव्यता’ म्हणणे ही केवळ शब्दांची कसरत आहे. पावसाची शक्ती कोणी दाण्यांसारखी वारंवारतेच्या खणांत टाकत नाही. यादृच्छिक प्रक्रियेची एंट्रॉपी काढायची असेल तर ती बर्ग यांचीच निघते, हे कितीही टोचले तरी मान्य करावे लागेल. मी पद्धतीला शिव्या देत असलो तरी तिच्या वंशावळीत खोट काढणार नाही.

जंक्शन (भुसावळ)

आपण सर्व जण वंशावळ पाहत आहात. मी या सुईपायी पंप उघडला आहे, म्हणून माझे ऐकावे.

एका औष्णिक वीजकेंद्रात मी कंपनमापनाचे काम करीत होतो. मोटर 1480 फेऱ्यांची, म्हणजे साधारण 24.67 हर्ट्झ. यंत्र पूर्ण वेगाने चालू असते तेव्हा हवी तेवढी लांब नोंद घेता येते. तेव्हा साधे एफएफटी, म्हणजे वर्णपटाचा नेहमीचा झटपट हिशेब, पुरते आणि एंट्रॉपीची कोणाला आठवणही होत नाही. पण मला बंद होताना वेग घसरतो त्या क्षणांतले कंपन पाहायचे होते, आणि तिथे एकेक तुकडा अर्ध्या सेकंदापेक्षा मोठा घेता येत नव्हता. म्हणून मी बर्ग यांचा अल्गोरिदम लावला आणि कोटी भरपूर ठेवली, कारण ‘जास्त कोटी म्हणजे जास्त बारकावा’ असे मलाही वाटत असे. फिरण्याच्या वारंवारतेपाशी एकाच्या ऐवजी दोन स्वच्छ शिखरे आली. दोन शिखरे म्हणजे आत काहीतरी सैल आहे, असा अहवाल मी दिला. मे महिन्यात, भुसावळच्या उन्हात, दोन दिवस पंप उघडून ठेवला. आत काहीही नव्हते. साहेबांनी सर्वांसमोर मला जे विचारले ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात त्याचे पडसाद उमटले ते उमटलेच.

नंतर वाचताना कळले की, या दुखण्याचे नाव शिखरभंजन असे देता येईल आणि फूझेर व सहकाऱ्यांनी 1976 सालीच ते तपासलेले आहे. संकेत स्वच्छ, तुकडा आखूड, कोटी मोठी आणि सुरुवातीची कला (आवर्तन ज्या टप्प्यावर सुरू होते तो टप्पा) अडनिडी असली की एकाच आवर्तनाची दोन शिखरे होतात. शिखर जागेवरून सरकते, हे तर चेन आणि स्टेगेन यांनी 1974 मध्येच दाखवले होते. लेव्हिन्सन यांच्या चौकटीतून सोडवून सरळ लघुतम वर्गाने गुणांक काढण्याची मार्पल यांची 1980 ची रीत हा रोग बराच कमी करते. मात्र मग प्रतिमान स्थिर राहीलच याची हमी जाते.

दुसरी गोष्ट. लॅकॉस यांनी 1971 साली दाखवले की, बर्ग वर्णपटात शिखराची उंची शक्तीच्या प्रमाणात नसून शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शक्ती मोजायची तर शिखराखालचे क्षेत्रफळ मोजावे लागते. केळीबागभाऊंनी उंची पाहून ‘पिरियडोग्रामपेक्षा कैकपट ठळक’ असे लिहिले आहे. क्षेत्रफळ काढले होते का?

नोंदवही

मी या तालुक्याचा आहे आणि ज्या पर्जन्यमापकाच्या आकड्यांवर आपण सारे बर्ग, शॅनन आणि कोल्मोगोरोव यांना एकत्र बसवले आहे, तो पर्जन्यमापक माझे वडील रोज सकाळी साडेआठला मोजत असत. एका सरकारी आवारात ते शिपाई होते. रात्री पाऊस झाला की ते झोपेतून उठून आईला ‘पानी उना का’ (पाऊस आला का) असे विचारायचे, कारण सकाळी बाटलीत किती असेल याचा अंदाज बांधण्याचा त्यांना छंद होता.

आता जे लिहितो ते कोणाची बाजू घेण्यासाठी नाही. पर्जन्यमापकापासून चार-पाच पावलांवर एक कडुनिंब होता. 1979 साली मापक बसवला तेव्हा ते झाड माणसाच्या उंचीचेही नव्हते. नियम असा की, अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावा. पण झाड वाढते आणि मापक तिथेच राहतो. 1990 च्या आसपास त्याच्या फांद्या थेट मापकावर आल्या होत्या. पुढे विजेच्या तारांना लागतात म्हणून ते निम्म्याहून अधिक छाटले. ते पुन्हा फुटले, पुन्हा दहा-अकरा वर्षांत डोक्यावर आले, आणि वडिलांच्या निवृत्तीच्या थोडे आधी पुन्हा छाटले गेले. नंतर ते समूळ काढले, असे ऐकतो.

छाटणीनंतरच्या पावसाळ्यात ‘यंदा पाऊस बरा’ असे कार्यालयात सगळे म्हणत, आणि वडील एकटे म्हणत की पाऊस तेवढाच आहे, झाड कमी झाले आहे. त्यांनी तसे वरिष्ठांना तोंडी सांगितलेही होते. शिपायाचे कोण ऐकतो.

पांझराकाठ (धुळे)

म्हणजे सुमारे अकरा वर्षांनी वाढणारे-घटणारे सूर्यावरचे डाग नव्हेत, तर कडुनिंबाची छाटणी! केळीबाग यांनी एंट्रॉपीच्या बळावर एका झाडाचा वाढीचा दर अचूक मोजला, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

केळीबाग (रावेर)

सर, विनोद करणे सोपे आहे. एका झाडाच्या आठवणीवरून 43 वर्षांची नोंद रद्दबातल ठरवायची, ही कोणती शास्त्रीय पद्धत? फांद्यांनी काही पाऊस अडतो आणि काही थेंब फांद्यांवरून मापकात जास्तही पडतात. वारा कोणत्या बाजूचा, पाऊस जोराचा की भुरभुर, यावर सगळे अवलंबून आहे. शिवाय वडिलांच्या रजेच्या दिवशी आकडे कोण लिहीत होते, हेही विचारता येईल. मी कोणाच्या वडिलांचा अनादर करीत नाही, परंतु माझ्या शिखराचे मूल्यमापन गणिताने व्हावे, गोष्टींनी नव्हे.

नोंदवही

रजेच्या दिवसांचेही सांगतो. पोळ्याला किंवा सलग सुट्टीत दोन दिवसांचे पाणी एकाच दिवशी मोजले जाई. नोंदवहीत तसा शेरा आहे. त्याने दैनिक आकडे बिघडतात, वार्षिक बेरीज बिघडत नाही. आपण वार्षिक बेरीज वापरली आहे, म्हणून वडिलांच्या रजेपासून आपण सुरक्षित आहात. झाडापासून नाही.

जंक्शन (भुसावळ)

भाऊ, पंप उघडताना मीही हेच म्हणत होतो की मूल्यमापन गणिताने व्हावे. गणित बिनचूक होते. तुकडाच अपुरा होता.

अमळनेरकर

झाडाचा प्रश्न गोष्टींवर सोडण्याची गरज नाही. शेजारच्या दोन-तीन केंद्रांच्या वार्षिक पावसाची सरासरी घ्यावी, ती वर्षागणिक बेरीज करीत न्यावी, आपल्या केंद्राचीही तशीच न्यावी, आणि एकीसमोर दुसरी मांडावी. जलविज्ञानात याला डबल मास कर्व्ह म्हणतात. पाऊस बदलला तर दोन्ही बेरजा बदलतात आणि रेषा सरळ राहते; मापकाभोवतीचे काही बदलले तर रेषेचा उतार मोडतो. छाटणीच्या वर्षांपाशी उतार मोडत असेल तर वाद संपला, आणि मोडत नसेल तर सरांनी आपले अभिनंदन मागे घ्यावे.

दादा, आपण मघाशी विचारले होते की पूर्वग्रह द्यायचाच तर मोजायचे कशाला. शेजारच्या केंद्रांचा वर्णपट हा असाच एक प्रामाणिक पूर्वअंदाज आहे. तो उघडपणे दिला तर ‘माझ्या केंद्राने त्यात नवीन काय सांगितले’ एवढेच उत्तर मिळते. सपाट अंदाज दिला की मापकाची प्रत्येक खोड नवे ज्ञान म्हणून समोर येते.

तोरणमाळ (शहादा)

आणि शोधलेल्या शिखरांची संख्याही मोजावी. विसाव्या कोटीच्या प्रतिमानात दहापर्यंत शिखरे उभी राहू शकतात. शुद्ध नॉईज, म्हणजे निव्वळ यादृच्छिक आकडे, दिला तरी ती राहतात. त्यांतले अकरा वर्षांजवळचे एक उचलून बाकीच्या नऊंना विसरणे म्हणजे लॉटरीची फक्त लागलेली तिकिटे दाखवणे होय. गिल्बर्ट वॉकर 1904 ते 1924 या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. अनेक आवर्तने तपासून सर्वांत मोठे निवडले तर ते योगायोगानेही मोठेच असणार, म्हणून त्याला कसोटी अधिक कडक लावली पाहिजे, हे त्यांनी 1914 सालीच लिहून ठेवले आहे. मोसमी पावसाच्या अंदाजासाठीच ते हे सर्व करीत होते. ज्या वॉकर यांच्या समीकरणांवर केळीबाग यांचे शिखर उभे आहे, त्यांचाच हा इशारा आहे.

केळीबाग (रावेर)

चार दिवस उत्तर दिले नाही, कारण केळीच्या घडांची कापणी चालू होती आणि तिला एंट्रॉपीसाठी थांबता येत नाही.

अमळनेरकरताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन शेजारच्या केंद्रांशी जुळवणी केली. रेषा दोन ठिकाणी मोडते. नोंदवहीभाऊंनी वर्षे नेमकी सांगितली नव्हती, तरी ती दोन्ही ठिकाणे त्यांच्या वर्णनाच्या जवळपास आहेत, हे मान्य न करून सांगू कोणाला? त्यांच्या वडिलांच्या निरीक्षणाबद्दल मी जे लिहिले ते घाईत लिहिले.

उताराची दुरुस्ती करून तोच अल्गोरिदम पुन्हा चालवला. 11.2 वर्षांचे शिखर आता 9.4 वर्षांवर आहे आणि बरेच बुटके झाले आहे. कोटी दोनने कमी केली की ते तेरा वर्षांच्या पुढे सरकते. शॅनन रूप माझ्याकडून सुटेना. तोरणमाळ यांनी ते सोडवून पाठवले आणि त्यात एक लांबट टेकडी सोडून काही दिसत नाही. जंक्शनभाऊंच्या सांगण्यावरून क्षेत्रफळही काढले. ते एकूण शक्तीच्या मानाने इतके थोडे निघाले की आकडा लिहिण्यात अर्थ नाही. विद्वानांचा विजय झाला, असे समजावे.

मात्र दोन गोष्टी मी सोडणार नाही. पहिली, तेवढ्याच आकड्यांवर पिरियडोग्रामनेही मला काही सांगितले नव्हते, त्यामुळे ‘जुने ते सोने’ हे सुद्धा सिद्ध झालेले नाही. दुसरी, मी हे सगळे लिहिले नसते तर मापकाजवळ झाड होते ही गोष्ट कोणत्याही प्राध्यापकाच्या कानावर गेली नसती.

पांझराकाठ (धुळे)

दुसरी गोष्ट निर्विवाद मान्य. पहिलीवर मी सवडीने लिहीन, कारण 43 वर्षांत अकरा वर्षांची चार आवर्तनेही पूर्ण होत नाहीत, आणि तिथे काही न सांगणे हेच पिरियडोग्रामचे उत्तर होते, असे माझे म्हणणे आहे.

नोंदवही यांना विनंती अशी की, वडिलांच्या वह्या अजून घरात असतील तर त्यांच्या शेऱ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मी स्वतः येऊन उतरवून घेईन.

केळीबाग, ‘कोटी दोनने कमी केली’ असे आपण लिहिता. किती होती, की तीतून दोन गेल्या?